तुमचं सील मी तोडलं

नेरूळ
रविवार, २३ नोव्हेंबर

प्रिय नाना,

सकाळी आठला रबाळ्याचं आपलं डिझेल-पंपांचं दुकान उघडलं. उरणजवळच्या मोऱ्याचा हसूराम ट्रकचा पंप गोणपाटात बांधून घेऊन आला. अकरा वाजेपर्यंत पंप तपासायचा बेंच चालवला. बारा वाजता हसूराम गेला. दीडला मी घरी पोचले. सचिनशी बोलले. अडीचला तो सीवूड्सला बहिणीकडे, ताईंकडे निघून गेला. आता पावणेचार झालेत.

एवढाच दिवस. पण त्यात एक गोष्ट अशी आहे की ती तुम्हाला कळवलीच पाहिजे. मोऱ्याच्या त्या मिलिटरी ट्रकच्या पंपावरचं तुमचं सील मी आज तोडलं.

नियम तुमचाच होता ना! दुसऱ्यानं मारलेलं सील तोडायच्या आधी त्याला फोन करायचा. नाव सांगायचं, पंप कुठल्या गाडीचा ते सांगायचं आणि म्हणायचं, "सील तोडतोय, इथून पुढं जबाबदारी माझी." समोरचा बरं म्हणाला की मगच तारेला कटर लावायचं. इंदूरच्या एका पंपवाल्याचा फोन लागेना म्हणून तुम्ही दोन दिवस थांबला होतात. गिऱ्हाईक बाहेर उभं राहून शिव्या घालत होतं आणि तुम्ही आत शांतपणे वर्तमानपत्र वाचत होतात.

आज कटर हातात घेतल्यावर मी मोबाइलवर तुमचा नंबर काढला. लावला नाही. तो सचिननं मागच्या महिन्यात बंद केला. म्हणून हे पत्र. तुम्हाला 'प्रिय' असं मी कधी म्हणाले नाही, समोर असता तर आजही म्हणाले नसते. कागदावर चालेल असं वाटतं.

मी तुमची सून होऊन आले तेव्हा दुकानात तुम्ही एकटेच होता. सचिनचं डिझेलच्या वासानं डोकं दुखायचं, त्यानं ऐरोलीच्या कंपनीत नोकरी धरली होती. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा करून घरी बसले होते, सोसायटीतल्या पोरांची गणितं सोडवून देत होते. एक दिवस चपला घालता घालता तुम्ही म्हणालात, "काय गं डिप्लोमा, येतेस का? नळ्या वाचायला माणूस पाहिजे."

पहिल्या दिवशी पंप समजावलात तो अगदी स्वयंपाकघरातल्या भाषेत. "इंजिनात सहा जण जेवायला बसलेत. पंप त्यांना डिझेल वाढतो. सहाही ताटांत सारखं पडलं पाहिजे. आणि हा बारका पेच दिसतो का? एका वेळी जास्तीत जास्त किती वाढायचं ते हा ठरवतो. लोक यालाच हात लावतात, म्हणून याच्यावर सील." मग पंप बेंचवर फिरायला लागला आणि समोरच्या सहा काचेच्या नळ्यांत डिझेल उतरलं. मी लगेच आकडा वाचायला वाकले. "अगं, फेस बसू दे! घाई असेल तर बँकेत नोकरी कर."

हे वाक्य मी अकरा वर्षं ऐकलं. एरवी आपण दोघं दिवसभरात वीस वाक्यंही बोलत नसू. मला ते बरं वाटायचं. माहेरी सगळे फार बोलायचे.

मोऱ्याचा ट्रक तुमचा लाडका. सतरा वर्षं फौजेत तुम्ही त्याच जातीच्या ट्रकांची इंजिनं उघडली होती. हसूरामच्या बापानं तो लष्कराच्या लिलावात घेतला, धक्क्याजवळच्या उतारावरून होड्या ओढून वर काढायला. ट्रक दारात आला की तुम्ही आधी बॉनेटवर थाप मारायचात आणि मग हसूरामला "ये" म्हणायचात. तो चिडवायचा, "नाना, गाडीला चा पाजा, मी काय, मी बसतो असाच!"

गेल्या वर्षी फेब्रुवारीत तो तक्रार घेऊन आला. होड्या मोठ्या झाल्या, त्यांच्यावरची इंजिनं जड झाली, आणि ट्रक अर्ध्या उतारावर दम टाकायला लागला. "नाना, डिझेल वाढवा. ताकद पायजे."

"आधी श्वास बघायचा, मग जेवण," तुम्ही म्हणालात. त्याप्रमाणे आपण हवेचा फिल्टर उघडला, त्यात बोटभर चिखल निघाला. सायलेन्सरचा पाइप साफ केला. नोझल तपासले, टायमिंग बघितलं. मग पंप बेंचवर चढवला. सहा ताटांत सहा प्रकारचं वाढप! कुठे दहा, कुठे अकरा, कुठे बारा. दुपारपर्यंत तुम्ही सहाही नळ्या अकरावर आणल्यात. डोळ्याचं ऑपरेशन होऊन तुम्हाला महिनाच झाला होता. "आज मी वाचणार, तू बाजूला हो," म्हणालात आणि एकेका नळीला डोळा लावून "अकरा! अकरा!" असं मोठ्यानं सांगत गेलात. किती खूश होता!

तेव्हाच मी म्हटलं होतं, "नाना, या इंजिनाला बारा पचतील. मी हिशेब केलाय. फौजेनं हे उंचावरच्या विरळ हवेसाठी कमी ठेवलेलं असणार. आपण तर समुद्राच्या काठावर आहोत."

तुम्ही हसलात. "हिशेबात पिस्टनचं वय धरलंस का? आणि डिप्लोमात धूर शिकवतात का गं?"

हसूरामही हसला. तुम्ही पंपाच्या नोंदीच्या कार्डावर अकरा लिहिलंत आणि हात धुवून चहा सांगायला बाहेर गेलात. हसूराम माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "वैनी, तुमी बोलता ता बरोबर हाय. करा ना जरासा. म्हाताऱ्याला कशाला सांगाचा?" तो तंबाखू थुंकायला दाराबाहेर गेला.

नाना, मी पेच पाव फेरा फिरवला.

हसूरामसाठी नाही. त्याच्या होड्यांची मला फिकीर नव्हती. तुम्ही हसलात म्हणून. एवढंच कारण होतं, आणि एवढ्या वर्षांत तुम्ही मला हसलात ते त्या एका वेळीच.

तुम्ही आलात, पेचातून तार ओवलीत आणि पक्कडीनं शिसं दाबलंत. पक्कडीवर कोरलेलं तुमच्या नावाचं अक्षर त्यावर उमटलं. सील मारण्याआधी बेंच पुन्हा एकदा चालवायचा, हाही तुमचाच नियम होता ना? मग त्याच दिवशी का नाही चालवलात? चहा गार होत होता म्हणून? की बेंचजवळ मी होते म्हणून?

आठवड्यानं हसूरामचा फोन आला. तुम्ही स्पीकर लावलात. "नाना, गाडी वाघ झाली! कुनाची बोट हाय ती बोला, खेचून दाखवतो!" पुढचे दोन महिने तुम्ही येईल त्या गिऱ्हाइकाला तेच सांगत होता. थेंबभर डिझेल न वाढवता ताकद वाढवली, सहा ताटं सारखी केली, बस! मी शेजारी उभी राहून ऐकायचे आणि मला आतून हसू यायचं. बघा, माझाच हिशेब बरोबर निघाला, असं वाटायचं.

मेच्या शेवटी होड्या वर घ्यायची घाई. ट्रक तीन दिवस सकाळपासून पहिल्या गिअरमध्ये ओढत होता. मागून काळा धूर निघत होता आणि हसूरामला तो धूर म्हणजे ताकद वाटत होती. तिसऱ्या दिवशी अर्ध्या उतारावर इंजिन बसलं आणि ट्रक होडीसकट मागे गेला. हसूरामनं उडी टाकली, गुडघ्यावर निभावलं. त्याच्या चुलत्याच्या होडीचा तळ फुटला.

इंजिन उघडलं तेव्हा तिसरा पिस्टन वरून वितळलेला होता. मग तुम्ही पंप बेंचवर चढवलात. सील शाबूत. तुमच्याच हाताचं. सहाही नळ्यांत बारा.

तुम्ही किती वेळ त्या नळ्यांसमोर वाकून उभे होता! फेस केव्हाच बसला होता. मग सरळ झालात आणि हसूरामला म्हणालात, "सील माझं, कार्ड माझं. बाराला मी अकरा वाचलं. एकदा नाही, सहा वेळा." आणि हात जोडलेत.

मी बेंचच्या पलीकडे होते, हातभर अंतरावर. तोंड उघडायची वेळ तीच होती. हसूराम होता, त्याचा चुलता होता, दोन गॅरेजवाले होते. सगळे गेले की सांगू, असं मनाशी म्हटलं. सगळे गेल्यावर तुम्ही दिवा बंद करून आत जाऊन बसलात. मग उद्या सांगू म्हटलं.

जूनमध्ये तुम्ही स्वतः उभं राहून त्याचं इंजिन बांधून दिलंत. पंप मात्र दहावर ठेवलात. "राहू दे कमीच. माझा आता भरवसा नाही." सील मारलंत आणि पक्कड माझ्या हातात दिलीत. ते तुमचं शेवटचं सील. त्यानंतर बेंचला हात लावला नाहीत.

त्यापुढचं सगळं मी बघितलं, नाना. तुम्ही डोळ्यांच्या डॉक्टरांकडे परत गेलात. डोळा उत्तम आहे, ते म्हणाले. तुम्ही घरी येऊन म्हणालात, "डोळा चांगलाय, म्हणजे डोकं गेलं." गॅसचं बटण तीन-तीनदा बघायला लागलात. कुलूप लावून जिना उतरायचात आणि पुन्हा वर यायचात. स्कूटर विकून टाकलीत. गेल्या नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला द्यायला मला बरोबर नेलंत, आणि फॉर्मवर सही करताना विचारलंत, "माझंच नाव लिहिलंय ना?" सचिन तुमच्याशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलायला लागला. "नाना, तुम्ही बसा हं, मी बघतो." मेमरी टेस्टला आपण तिघं गेलो. त्यांनी शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. तुम्ही एकदाही चुकला नाहीत! आणि तरी रिक्षात बसल्यावर म्हणालात, "सोपं होतं म्हणून जमलं."

मला तुमच्यावर रागवायचा हक्क नाही. पण एक विचारते. त्या दिवशी बेंचजवळ दोनच माणसं होती. तुम्ही डोळ्यावर संशय घेतलात, स्वतःच्या डोक्यावर घेतलात. माझ्यावर एकदाही का नाही घेतलात? "तू हात लावलास का गं?" एवढं विचारलं असतंत तर मला खोटं बोलता आलं नसतं. मला वाटतं, ते तुमच्या मनातच आलं नाही. हे जास्त लागतं.

एकदा प्रयत्न केला होता. भरतीचं पाणी अडवणाऱ्या धारण तलावाच्या कट्ट्यावर आपण बसलो होतो, पलीकडे बगळे उभे होते. मी म्हटलं, "नाना, त्या पंपाचं एक सांगायचंय..." तुम्ही हात वर केलात. "नको तो विषय. माझ्या चुकीची मला लाज आहे. तू कशाला पुन्हा काढतेस?" मी विषय सोडला. खरं सांगते, सुटल्यासारखं वाटलं. घरी येताना मी तुमच्यासाठी शहाळं घेतलं.

सप्टेंबरात न्यूमोनिया झाला. दवाखान्यात आठ दिवस. सातव्या दिवशी तुम्ही मास्क बाजूला करून मला जवळ बोलावलंत. मला वाटलं, काही सांगणार. तुम्ही विचारलंत, "निघताना गॅस बंद केलास ना? मी बघितला होता का?" मी म्हटलं, "हो नाना, तुम्हीच बघितलात." त्यानंतर बोलणं झालं नाही.

तेरावं झाल्यावर हसूरामचा फोन आला. "वैनी, गाडी वरतीच येत नाय. बोटी तळ तासायला काढाच्या हायत. आता कोन बगनार?" गेल्या आठवड्यात मी मोऱ्याला जाऊन आले. तुमच्या रीतीनं आधी श्वास बघितला. फिल्टर धुतला, डिझेलच्या पाइपात हवा शिरत होती ती बंद केली. मग त्याला उतारावर होडी ओढायला लावून मागे उभी राहिले. पूर्ण लोडवर सायलेन्सरमधून धुराची रेघसुद्धा नाही. इंजिन अर्धपोटी होतं. दहावर.

म्हणून आज सील तोडलं. कटर लावण्याआधी मी हसूरामला स्टुलावर बसवलं आणि सगळं सांगितलं. पाव फेरा, कार्ड, सगळं. त्याला समजायला थोडा वेळ लागला.

"म्हंजे नानांचा डोला बरोबर होता?"

"हो."

"आनि मी अख्ख्या मोऱ्यात बोललो, म्हाताऱ्याची नजर गेली. रबाल्यात बोललो, तुर्भ्याला बोललो. माज्या तोंडून बोलवलास तू ह्या!" तो उभा राहिला, पुन्हा बसला. "त्यांना सांगितलास?"

"नाही."

तो माझ्याकडे न बघता गोणपाटाची घडी घालायला लागला. त्यानंच मला तेव्हा 'करा ना' म्हटलं होतं, हे त्याला आठवलं की नाही, कोण जाणे. मी आठवण करून दिली नाही. पेच मी फिरवला, त्यानं नाही.

पंप अकरावर आणला. चहा सांगू का विचारलं तर नको म्हणाला. गोणपाट उचलताना थांबला आणि म्हणाला, "आकडा तरी खरा हाय ना?"

नाना, अकरा वर्षांत आपल्या दुकानात हे कुणी विचारलं नव्हतं.

मी म्हटलं, "पुन्हा चालवते, तुम्हीच वाचा." बेंच परत चालवला. तो नळीला बोट लावून वाचायला लागला तेव्हा मी म्हटलं, "फेस बसू द्या." त्यानं सहाही नळ्या वाचल्या, तोंडातल्या तोंडात मोजून. मग पेचाला तार ओवून शिसं साध्या चिमट्यानं दाबलं. तुमची पक्कड वापरली नाही. तुमचं अक्षर माझ्या कामावर कुठल्या तोंडानं उमटवू?

"बसवाचा आमी बगू," म्हणाला आणि गेला. अजून फोन आलेला नाही. ट्रक चालू झाला की नाही, मला माहीत नाही.

घरी येऊन सचिनला सांगितलं. मधे न बोलता त्यानं ऐकलं. तुमच्यासारखंच, खाली बघत. मग एवढंच विचारलं, "मेमरी टेस्टला तू पण आली होतीस ना आमच्याबरोबर?"

मी हो म्हटलं. त्यानं चपला घातल्या. ताईंकडे जातो म्हणाला. कधी येईन ते सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

माफी मागत नाही. द्यायला तुम्ही नाही आहात, आणि असता तर पटकन देऊन टाकली असती, हे मला ठाऊक आहे. त्यापेक्षा एक शब्द देते. उद्या दुकान उघडलं की ते जुनं कार्ड काढीन. तुम्ही लिहिलेल्या अकराच्या खाली लिहीन की हे वाचन बरोबर होतं, पेच नंतर वैशालीनं फिरवला. खाली सही करीन. मग ज्या ज्या गॅरेजमध्ये 'नानांची नजर गेली' असं बोललं गेलं, तिथं तिथं ते कार्ड घेऊन मी स्वतः जाईन. रबाळे, तुर्भे, उरण, आणि शेवटी मोरा, हसूरामच्या चुलत्याच्या दारात. ते मला काय म्हणायचं ते म्हणोत. कुणी पंप आणणं थांबवलं तर थांबवू दे. सचिन बरोबर आला तर येईल, नाही तर एकटी जाईन. एकही दार सोडणार नाही.

आता जेवायला बसते. सकाळचं वरण आहे, भात गार झालाय. तसाच कालवून घेते.

तुमची
वैशाली